फुगलेल्या पोटऱ्यांचे कोडे सोडवणारा डॉक्टर

अमरावती हे व्यायामाचे गाव. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि तेव्हापासून दंड, मांड्या, पोटऱ्या यांकडे कौतुकाने पाहण्याची सवय या शहराला लागली. तीन-चार वर्षांच्या नातवाच्या पोटऱ्या गोल, टणक दिसल्या की आजी-आजोबांना आनंदच होतो. पोट्टा पुढे पहिलवान होणार, असे त्यांना वाटते. बहुतेक मुलांच्या बाबतीत काळजीचे काही नसते. पण थोड्या मुलांच्या बाबतीत तीच भरदार पोटरी एका गंभीर आजाराची खूण असते. हे मूल पळताना मागे पडते, वारंवार पडते, जिना चढताना कठड्याला धरते आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते.

या आजाराला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. मराठीत स्नायूंचा क्षय किंवा स्नायुविकृती. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. हाच आजार गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांतही आढळतो आणि माणसांवरच्या उपचारांचा शोध गेली अनेक वर्षे या कुत्र्यांच्या आधारेच पुढे सरकला आहे. ज्या माणसाचे नाव या आजाराला मिळाले, त्याला मात्र हयातीत ना प्राध्यापकपद मिळाले, ना इस्पितळातली खुर्ची.

खलाशांच्या घरातला मुलगा

गियोम बेंजामिन आमां ड्युशेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलोन-सुर-मेर या बंदरात झाला. घराणे दर्यावर्दी. वडील जहाजाचे कप्तान होते आणि नेपोलियनच्या काळातील इंग्रजांविरुद्धच्या लढायांत त्यांनी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना सन्मानचिन्ह मिळाले होते. मुलानेही समुद्रावर जावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन विज्ञानात होते. तो पॅरिसला वैद्यकी शिकायला गेला. स्टेथोस्कोप बनवणारे लाएनेक, शल्यविशारद द्युपुत्रां, शरीरक्रियाशास्त्राचे माजांदी अशी मोठी माणसे तेथे त्याला शिकवायला होती. १८३१ मध्ये पदवी घेऊन ड्युशेन आपल्या गावी परतले, लग्न केले आणि दवाखाना टाकला.

सरळ चाललेला संसार दोन वर्षांत मोडला. १८३३ मध्ये पहिल्या बाळंतपणानंतर पत्नी तापाने गेली. बाळंतरोगाचा हा ताप त्या काळी युरोपात घरोघरी बायकांचे बळी घेत होता. डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून तो पसरतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी दाखवून द्यायला अजून चौदा वर्षे होती. ड्युशेन यांनी पत्नीचे बाळंतपण स्वतःच केले होते. सासरच्यांनी तिच्या मृत्यूचा दोष त्यांच्यावर ठेवला. गाव लहान, त्यामुळे कुजबुज सगळीकडे पोहोचली. पेशंट कमी झाले. तान्हा मुलगा एमिल आजीकडे राहिला आणि बापलेकांची जवळजवळ तीस वर्षे ताटातूट झाली. पुढे केलेला दुसरा विवाहही टिकला नाही.

आजार कशामुळे झाला हे कळत नसले की दोष माणसावर येतो. ड्युशेन यांच्या आयुष्यात ही गोष्ट फार लवकर आली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात ती आजही घडते, फक्त तेथे दोष बापाऐवजी आईवर येतो. त्याबद्दल पुढे.

विजेची पेटी घेऊन फिरणारा

१८३५ च्या सुमारास ड्युशेन एका रुग्णाच्या स्नायूत सुया टोचून त्यांतून वीज सोडण्याचा उपचार करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की विजेच्या झटक्याने नेमका एकच स्नायू आकसतो. मग सुई न टोचता, ओल्या फडक्याने किंवा स्पंजाने मढवलेले विजेचे टोक कातडीवर ठेवले तर? त्यांनी ते करून पाहिले आणि ते जमले. शरीर न फाडता, जिवंत माणसाचा एकेक स्नायू वेगळा हलवून पाहता येऊ लागला.

फॅरेडे यांनी विद्युतप्रवर्तनाचा शोध १८३१ मध्ये लावला होता. त्या तत्त्वावर चालणारी एक पेटी ड्युशेन यांनी स्वतःच्या गरजेप्रमाणे तयार करून घेतली. १८४२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ही विद्या घेऊन ते पॅरिसला गेले. हाताशी नोकरी नव्हती, ओळखीपाळखी फारशा नव्हत्या. रोज सकाळी ते एखाद्या मोठ्या इस्पितळात जात, वॉर्डांतून फिरत, लकवा झालेला किंवा स्नायू वाळलेला रुग्ण दिसला की त्याच्यापाशी बसत. त्याला बारकाईने प्रश्न विचारत, तपासत, पेटी लावून पाहत. रुग्णाला दुसऱ्या इस्पितळात हलवले तर तेथे जात, घरी सोडले तर घर शोधून काढत. एकाच रुग्णाची वर्षानुवर्षांची नोंद त्यांच्याकडे असे.

तरुण डॉक्टरांना या माणसाचे हसू येई. गावाकडची बोली, संकोची स्वभाव, हातात पेटी आणि प्रश्न संपतच नाहीत. त्याच काळात पॅरिसमध्ये जवळपास त्याच नावाचे, उच्चभ्रूंमध्ये चालणारे एक डॉक्टर होते. घोळ होऊ नये म्हणून ड्युशेन आपल्या नावापुढे गावाचे नाव लावू लागले. वैद्यकाच्या इतिहासात ते बुलोनचे ड्युशेन म्हणूनच राहिले.

हसणारे हळूहळू गप्प झाले. कोणता स्नायू काय काम करतो, याचा नकाशा या माणसाने जिवंत शरीरावर काढला होता. १८५५ मध्ये त्यांचा विद्युत उपचारांवरचा मोठा ग्रंथ आला, १८६७ मध्ये शरीराच्या हालचालींवरचा. हातापायांचे स्नायू वाळत जाणारा एक आजार, गिळणे आणि बोलणे बंद करणारा दुसरा, चालताना तोल घालवणारा तिसरा, असे एकमेकांत मिसळलेले अनेक आजार त्यांनी वेगळे करून दाखवले. पोलिओत बिघाड मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असणार, हा त्यांचा अंदाज पुढे खरा ठरला. अवघड बाळंतपणात खांद्याच्या नसा ताणल्या जाऊन बाळाचा हात लुळा पडतो, त्या दुखापतीला डॉक्टर आजही अर्ब आणि ड्युशेन या दोघांच्या नावांनी ओळखतात.

त्यांचे एक काम वैद्यकाबाहेरही गाजले. चेहऱ्याच्या कातडीला संवेदना नसलेल्या एका वृद्धाच्या चेहऱ्यावर त्यांनी विजेची टोके ठेवली, एकेक स्नायू हलवला आणि त्या वेळी उमटलेल्या भावांची छायाचित्रे घेतली. १८६२ च्या या पुस्तकात त्यांनी दाखवले की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही हलतो आणि नुसत्या इच्छेने तो सहसा हलवता येत नाही. मानसशास्त्रात खऱ्या हसण्याला आजही ड्युशेन स्मित म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी भावनांवरच्या आपल्या १८७२ च्या पुस्तकात यातली काही छायाचित्रे वापरली.

मेंदू की स्नायू?

फुगलेल्या पोटऱ्यांचा मुलगा ड्युशेन यांच्यासमोर आला तो १८५० च्या दशकाच्या अखेरीस. मुलाचे पाय कमजोर, पण पोटऱ्या मात्र एखाद्या कसरतपटूसारख्या. लकवा म्हटला की स्नायू वाळलेले असायचे, येथे उलट दिसत होते. १८६१ मध्ये त्यांनी हा रुग्ण नोंदवला आणि आजाराचे मूळ मेंदूत असावे, असे लिहिले. अंदाज अगदी निराधार नव्हता. या मुलांपैकी काहींना बोलायला, शिकायला उशीर होतो, हे त्यांनी पाहिले होते.

त्यानंतरची सात वर्षे त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले. स्नायूत प्रत्यक्ष काय चालले आहे ते पाहायचे तर शवविच्छेदनाची वाट पाहावी लागे आणि एकाच आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे स्नायू पाहायला मिळत नसत. ड्युशेन यांनी एक जाड पोकळ सुई बनवून घेतली. कातडीला लहानसे छिद्र पाडून तिने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढता येई. आज ज्याला आपण सुईची बायोप्सी म्हणतो, तिचे हे सुरुवातीचे रूप. मुलांवर, तेही भूल न देता, असे करण्यावर तेव्हा टीका झाली. आजच्या नियमांत ते बसलेही नसते.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते वेगळेच. भरदार पोटरीत स्नायूचे धागे कमी होते आणि त्यांची जागा चरबी व चिवट तंतूंनी घेतली होती. म्हणजे पोटरी फुगली होती, बळकट झाली नव्हती. १८६८ मध्ये त्यांनी तेरा रुग्णांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचा आपला आधीचा अंदाज बाजूला ठेवून त्यांनी आजाराचे स्थान स्नायूत दाखवले. तो पायांपासून सुरू होतो, कंबर पुढे झुकते, चालताना पाय फाकतात, पोटऱ्या फुगतात आणि दुर्बलता वाढतच जाते, ही त्यांनी लिहिलेली लक्षणे आजचा बालरोगतज्ज्ञही तशीच तपासतो.

या आजाराचे वर्णन करणारे ड्युशेन पहिले नव्हते. इटलीत नेपल्सच्या दोन डॉक्टरांनी १८३६ मध्ये अशी भावंडे पाहिली होती. लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनी १८५१-५२ मध्ये सांगितले होते की या मुलांचा मज्जारज्जू ठीक असतो, बिघाड स्नायूच्या धाग्यांत असतो, आजार मुलग्यांना होतो आणि घराण्यात स्त्रियांकडून पुढे जातो. धाग्याचे वेष्टन फाटते, असेही त्यांनी नोंदवले होते. एकशेतीस वर्षांनी ते जवळजवळ तंतोतंत बरोबर ठरले. पण जास्त रुग्ण, जास्त काळ पाहून, छायाचित्रे आणि स्नायूचे नमुने यांसह आजाराचे पूर्ण चित्र उभे केले ते ड्युशेन यांनी, आणि नाव त्यांचे राहिले.

शेवटची वर्षे

१८६२ मध्ये एमिल वडिलांकडे परतला. तोही डॉक्टर झाला होता. बापलेक एकत्र काम करू लागले. मात्र फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धात, १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना, एमिल विषमज्वराने गेला. ज्या मुलाला वाढताना पाहता आले नाही, तो हाताशी आल्यावर नऊ-दहा वर्षांत हरपला. ड्युशेन यातून सावरले नाहीत. सप्टेंबर १८७५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशांतील विद्वत्संस्थांनी त्यांना सन्मानाचे सदस्यत्व दिले, आपल्या देशातील मोठ्या संस्थांनी मात्र नाही. तरीही पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातील ज्यां मार्तां शार्को, ज्यांना आधुनिक मज्जाविज्ञानाचे जनक मानले जाते, ते ड्युशेन यांना आपले गुरू म्हणत.

कापसाची गाठ आणि तिच्या पट्ट्या

आजार स्नायूत आहे हे कळले, पण का होतो हे कळायला ११८ वर्षे गेली. १९८६ मध्ये बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने त्यामागचे जनुक शोधले आणि पुढच्या वर्षी एरिक हॉफमन यांनी त्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन ओळखले. त्याचे नाव डिस्ट्रॉफिन.

हे प्रथिन काय करते, ते वऱ्हाडातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात आणि ती पट्ट्यांनी आवळतात. पट्ट्या आहेत तोवर गाठ ट्रकमध्ये चढवा, उतरवा, आपटा, काही होत नाही. पट्ट्या नसतील तर प्रत्येक धक्क्याला गाठ उसवत जाईल. डिस्ट्रॉफिन स्नायूच्या धाग्याला त्याच्या वेष्टनाशी असेच बांधून ठेवते. ते नसेल तर प्रत्येक आकुंचनात वेष्टनाला चिरा पडतात, धागा मरतो. शरीर काही काळ नवे धागे बनवते, मग थकते, आणि त्या जागी चरबी भरते. तीच ती फुगलेली पोटरी.

डिस्ट्रॉफिनचे जनुक माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे आणि ते एक्स गुणसूत्रावर असते. बाईकडे दोन एक्स असतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा बहुधा काम भागवतो. अशा स्त्रीला वाहक म्हणतात. मुलाकडे एकच एक्स, तोही आईकडून आलेला. तो बिघडलेला असेल तर आजार होतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये आई वाहक नसतेच, बिघाड नव्याने झालेला असतो. त्यामुळे सुनेच्या माहेरातून रोग आला, असे म्हणून तिला कोपऱ्यात उभे करणे चूक आहे. वाहक असणे हा कोणाचा दोष नाही. ते कोणी निवडत नाही आणि बहुतेकींना मुलाचा आजार कळेपर्यंत ठाऊकही नसते.

गोल्डन रिट्रीव्हरची पिल्ले

अमेरिकेतील पशुवैद्यांना १९८० च्या दशकात काही गोल्डन रिट्रीव्हर पिल्ले दिसली. वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून ती ताठ चालत, सशासारखी मागचे दोन्ही पाय एकत्र टाकून उड्या मारत, लवकर थकत. त्यांची जीभ जाड होई, लाळ गळे, गिळताना त्रास होई. आजारी पिल्ले जवळजवळ सगळी नर. १९८८ मध्ये सिद्ध झाले की या कुत्र्यांतही डिस्ट्रॉफिनचेच जनुक बिघडलेले आहे. ड्युशेन यांनी मुलांमध्ये पाहिलेला आजार चार पायांवरही चालत होता.

संशोधकांसाठी हे फार महत्त्वाचे होते. डिस्ट्रॉफिन नसलेले उंदीर आधीच सापडले होते, पण त्यांचा आजार सौम्य असतो. कुत्र्यात मात्र तो मुलांसारखाच वाढतो, हृदय आणि श्वासाचे स्नायूही धरतो. उंदरात चाललेले औषध माणसाला देण्याआधी कुत्र्यात चालते का, हे पाहता येऊ लागले. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या प्राण्यांनी मोजली आहे, हेही विसरू नये.

यातल्या एका कुत्र्याने शास्त्रज्ञांना चकित केले. ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे २००३ मध्ये जन्मलेल्या रिंगोच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन अजिबात नव्हते, तरी तो धावे, खेळे. पूर्ण आयुष्य जगला आणि बापही झाला. त्याचे एक पिल्लूही तसेच निघाले. मायाना झाट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की जॅग्ड-वन नावाचे दुसरे एक जनुक या दोघांत जास्त सक्रिय होते आणि स्नायूंच्या दुरुस्तीला मदत करत होते. म्हणजे पट्टीशिवायही गाठ टिकवण्याचा एखादा मार्ग निसर्गाकडे आहे. २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील संशोधकांनी बीगल वंशाच्या चार पिल्लांत जनुकाची कातरछाट करून डिस्ट्रॉफिन काही प्रमाणात परत तयार करून दाखवले. माणसांसाठी जनुकीय उपचार परदेशांत आले आहेत, पण ते अतिशय महाग आहेत, मर्यादित उपयोगाचे आहेत आणि त्यांत धोकेही आहेत. मुळापासून बरा करणारा उपाय अजून नाही.

आपल्या घरातला लॅब्रॅडॉर

अकोला-अमरावतीत सर्वाधिक आवडीने पाळला जाणारा विदेशी कुत्रा म्हणजे लॅब्रॅडॉर. त्याच्यातही स्नायूंचे दोन आनुवंशिक आजार ओळखले गेले आहेत. पहिल्यात पिल्लू पाच महिन्यांच्या आतच रोडावते, अडखळत चालते, थंडीत जास्त कोसळते. त्याचे जनुक २००५ मध्ये पॅरिसजवळच्या आलफोर येथील पशुवैद्यक विद्यालयात सापडले. दुसऱ्यात कुत्रा एरवी धडधाकट असतो, पण उत्साहाने पाच-पंधरा मिनिटे जोरात पळाला की मागचे पाय लुळे पडून कोसळतो. विश्रांतीने बहुधा सावरतो, क्वचित दगावतोही. त्याचे जनुक २००८ मध्ये कळले.

दोन्ही आजार तेव्हाच होतात, जेव्हा पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेले जनुक मिळते. वाहक कुत्रा स्वतः उत्तम दिसतो. दोन वाहकांचे मीलन झाले तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता पंचवीस टक्के असते. जात शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली बाप-लेक, भाऊ-बहीण असे संबंध लावले की ही शक्यता वाढते. म्हणून पिल्लू विकत घेताना नुसती कागदपत्रे न पाहता आई-बापाची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे विचारावे. रक्त किंवा गालाच्या आतला पुसून घेतलेला नमुना तपासणीला पुरतो. वाहक कुत्र्याला टाकून देण्याचे कारण नाही, त्याची जोडी वाहकाशी लावू नये एवढेच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मे महिन्यातल्या अकोल्याच्या उन्हात कुत्रा कोसळला तर आनुवंशिक आजाराचा विचार नंतर. आधी तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. वारंवार असे होत असेल तर सविस्तर तपासणी करावी. त्यासाठी अकोल्यातच स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

मूल वारंवार पडत असेल तर

दीड वर्षानंतरही न चालणारा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी नीट पळू न शकणारा, चवड्यांवर चालणारा किंवा हात टेकून उठणारा मुलगा डॉक्टरांना दाखवावा. क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, ही रक्ताची साधी तपासणी आहे. या आजारात तिचा आकडा कित्येक पटींनी वाढलेला असतो. एक फसगत नेहमी होते. एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे यकृताचे म्हणून ओळखले जातात, पण ते स्नायूंतूनही वाढतात. त्यामुळे मुलाला काविळीचे किंवा यकृताचे औषध चालू राहते आणि वर्ष-दोन वर्षे वाया जातात. असे आकडे वाढलेले दिसले आणि मूल चालताना कमजोर असेल तर सीके करून घ्यावे. पुढची खात्री रक्ताच्या जनुकीय तपासणीने होते. ड्युशेन यांच्या सुईची गरज आता फार थोड्या मुलांना पडते.

तूप, बदाम, तेलमालिश किंवा दंडबैठकांनी हा आजार बरा होत नाही. अति व्यायामाने उलट स्नायूंचे नुकसान वाढते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके ताण देण्याचे व्यायाम मात्र रोज करावेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड दिल्याने मुलाचे चालणे काही वर्षे लांबवता येते. ते मनाने सुरू करू नये आणि अचानक बंद तर मुळीच करू नये. हृदय आणि फुप्फुसांची नियमित तपासणी हवी. कोणत्याही ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला हा आजार सांगावा, कारण भुलेची काही औषधे या मुलांना धोक्याची असतात. पूर्वी ही मुले विशी गाठत नसत. आता चांगल्या काळजीने अनेक जण तिशीपर्यंत आणि त्यापुढेही जातात, शिकतात, काम करतात.

निदान लवकर होण्याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या मुलाचा आजार पाचव्या-सहाव्या वर्षी कळतो, तोवर घरात दुसरा पाळणा हललेला असतो. आई वाहक आहे का, मावश्या आणि बहिणी वाहक आहेत का, हे आधी कळले तर पुढचा निर्णय समजून घेता येतो. गर्भलिंगनिदानाला बंदी असली तरी अशा आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. वाहक स्त्रियांनी स्वतःच्या हृदयाचीही अधूनमधून तपासणी करून घ्यावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र, शाळेतील सवलती आणि योजनांचा लाभ मिळू शकतो. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातही ड्युशेनचा उल्लेख आहे आणि मुंबईचे केईएम हे त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

ड्युशेन यांच्याकडे या मुलांना देण्यासाठी औषध नव्हते. त्यांची विजेची पेटीही या आजारापुढे चालली नाही. त्यांनी केले ते इतकेच की मूल नीट पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि पाहिलेले आपल्या आधीच्या मताशी जुळेना तेव्हा मत बदलले. चालताना अडखळणाऱ्या मुलाला आळशी किंवा कमजोर म्हणण्याआधी आपणही एकदा त्याच्याकडे नीट पाहावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे.